हलका नको, भारी दाखवा

आमच्याकडे लॅपटॉप घेताना एक माणूस सोडून सगळ्यांना विचारतात. तो एक माणूस म्हणजे ज्याला त्यावर काम करायचं आहे तो. किराणावाल्याला विचारतील, जीपच्या ड्रायव्हरला विचारतील, पुण्याला कंपनीत असलेल्या कुणाच्या तरी जावयाला फोन लावतील. हा जावई कंपनीत नेमकं काय करतो हे त्याच्या सासऱ्यालाही धड ठाऊक नसतं, पण तो पुण्यात आहे, एवढं पुरतं. माझ्या भाचीचा लॅपटॉप घेताना हे सगळं यथासांग झालं. मी त्या दिवसांत या सगळ्यांना मनातल्या मनात मूर्ख म्हणत होते आणि मला त्यात फार समाधान मिळत होतं.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भावाचं घर शेलूबाजारपासून थोडं आत, मळ्यातच आहे. विहिरीला पाणी बरं असतं, त्यामुळे कोबी, वांगी, मेथी, सांबार (म्हणजे कोथिंबीर) असं काही ना काही वर्षभर निघतं आणि सकाळच्या पहिल्या जीपने बाजारात जातं. मी वाशीमला एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. कॉम्प्युटरसमोर बसून माझी पंधरा वर्षं गेली. त्यातलं मला फारसं कळतं असा माझा दावा नाही, पण आमच्या घराण्यात तेवढंही कुणाला कळत नाही, आणि या गोष्टीचा टेंभा मी नेमाने मिरवत आले आहे.

पोरीला बारावीत चांगले गुण मिळाले आणि वाशीमच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या पदवीला प्रवेश मिळाला. वसतिगृहाला भाऊ तयार नव्हता. माझ्याकडे राहा म्हटलं तर माझं घर म्हणजे दीड खोली, त्यात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. तेव्हा रोज एसटीने जाऊन-येऊन करायचं ठरलं. कॉलेजने पहिल्याच दिवशी सांगितलं की प्रयोगशाळेतले कॉम्प्युटर सगळ्यांना पुरत नाहीत, ज्याने त्याने आपला लॅपटॉप आणावा. पोरगी ते ऐकून घरी आली आणि तिने पहिली चूक केली. तिने घरात सांगितलं.

तिने वहीच्या कागदावर लिहून आणलं होतं. वरच्या वर्गातल्या दोन मुलींना विचारून, त्यांचे लॅपटॉप हाताळून पाहून तिने चार गोष्टी ठरवल्या होत्या. वजन कमी, रॅम आठ जीबी, हार्ड डिस्क नको तर एसएसडी, आणि बॅटरी चार तास तरी चालणारी. एसएसडी असली की मशीन पटकन सुरू होतं आणि धक्क्याने बिघडत नाही, हे तिने मला फोनवर समजावून सांगितलं होतं. मी ते ऐकलं आणि मला माहीतच होतं असं दाखवलं.

तो कागद तिने बापाला वाचून दाखवला तेव्हा मी तिथे होते. रविवार होता, मी मळ्यात गेले होते. पहिलंच वाक्य तिने आपल्या भाषेत सांगितलं. "बाबा, पह्यले म्हंजे तो हलका पाह्यजे."

माझ्या भावाचा चेहरा उतरला. मला तेव्हा हसू आलं होतं, आता येत नाही. ज्याचं आयुष्य भाजीत गेलं त्याच्या कानावर हा शब्द कसा पडतो ते सांगायला हवं. बाजारात हलका माल म्हणजे किडका, सुकलेला, गिऱ्हाईक नाक मुरडून बाजूला सारतं तो. भारी म्हणजे उत्तम. साडी भारी असते, पाहुणचार भारी असतो, स्थळसुद्धा भारी असतं. आणि याची पोरगी, घराण्यातून पहिल्यांदा एवढं शिकणारी, तोंडाने हलका माल मागत होती.

"हलका कायले?" तो म्हणाला. "तुहा बाप अजून हाये."

तिने सांगून पाहिलं की हलका म्हणजे वजनाला हलका. एसटीत रोज उभं राहून जायचं आहे, पाठीवर जर्नलं आहेत, डबा आहे. त्याने ते ऐकून घेतलं, कारण तो दुष्ट नाही, नुसता अडाणी आहे. आणि मग त्याला जास्तच काळजी वाटली. कारण वजनाने हलकं म्हणजे आतून पोकळ, हे त्याचं शिक्षण आहे. कोबी तोडताना तो गड्डा तळहातावर घेतो, एकदा वर-खाली करतो आणि सांगतो, भरीव आहे की पोकळ. त्याच्या या हातावर व्यापारी विश्वास ठेवतात. मी त्याला कितीही नावं ठेवली तरी कोबीच्या बाबतीत तो चुकलेला मी पाहिलेला नाही.

यानंतर सल्ल्यांची जी रीघ लागली तिचं वर्णन करण्यात माझी शाई वाया घालवत नाही. एकच माणूस सांगते. शेलूबाजारात दोन खोल्यांत कॉम्प्युटर क्लास चालवणारे एक सर आहेत. पोरांना टायपिंग शिकवतात आणि सातबाऱ्याच्या प्रिंटा काढून देतात. गळ्यात कायम ओळखपत्र, ते कुणी दिलं हे विचारू नये. भावाने त्यांना दुकानात सोबत यायची विनंती केली. मी म्हटलं, मी आहे ना वाशीमला, सरांना कशाला? तर माझा भाऊ, ज्याला मी बोट धरून शाळेत नेलं, मला म्हणाला, "बाई, तू टायपिंग करते. हे टेक्निकल हाये."

बाई म्हणजे मी, थोरली बहीण. त्या सरांसमोर म्हणाला. सर विनयाने हसले. मीही हसले. आतून माझा जळफळाट झाला होता. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे आहे, आणि ते इथेच सांगून टाकलेलं बरं.

दुकान वाशीमच्या मुख्य रस्त्यावर होतं, काचेचं दार, आत एसी. भाऊ धुतलेलं धोतर नेसून आला होता, जणू सोयरीक जुळवायला निघाला होता. दुकानदाराने आधी थंड पाणी दिलं, मग चहा सांगितला, आणि मग बोलू लागला तो सरांशी आणि भावाशी. पोरगी कागद हातात धरून कडेला उभी होती. तिला कुणी बसही म्हणालं नाही. मी खुर्चीवर बसले होते, मलाही कुणी काही विचारलं नाही.

काउंटरवर शेवटी दोन लॅपटॉप उरले. एक पातळ, करड्या रंगाचा, चौदा इंची. पोरीने कागदावरच्या चारही गोष्टी त्याच्याशी ताडून पाहिल्या, माझ्याकडे बघून मान हलवली. दुसरा मोठा काळा, कुठल्याशा कंपनीच्या कार्यालयात वापरून काढून टाकलेला आणि नव्याने चकाकवलेला. त्याला सीडी घालायची खाच होती, बाजूला आकड्यांचा वेगळा कीबोर्ड होता, आणि आत जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्क. पण ती मोठी होती, आणि सरांनी ते भावाला एखादं रहस्य सांगावं तसं सांगितलं. पातळ्यात पाचशे बारा जीबी, यात एक हजार. किमतीत उन्नीस-बीस. दुप्पट माल मिळतोय, सर म्हणाले.

दोन्हींतला फरक त्या सरांना खरंच कळत नव्हता की दुकानदाराशी त्यांचं काही साटंलोटं होतं, ते मला आजही माहीत नाही. दोन्ही असू शकतं. अक्कल नसली म्हणजे माणूस प्रामाणिक असतोच असं नाही.

मग माझा भाऊ उठला. त्याने दोन्ही लॅपटॉप मिटायला सांगितले. उजव्या तळहातावर काळा घेतला, डाव्यावर पातळ. डोळे अर्धवट मिटून त्याने एकदा, दोनदा, हात वर-खाली केले. दुकानदार आधी गोंधळला, पण शेवटी तो दुकानदार होता. त्याने गिऱ्हाईक क्षणात ओळखलं. "काका, वजन बघा ना," तो म्हणाला. "मटेरियल आहे मटेरियल."

"यात काही नाई," माझा भाऊ डाव्या हाताकडे बघत म्हणाला, आणि त्याने पातळ लॅपटॉप काउंटरवर ठेवला. "भारी हाच."

आणि इथे मला सांगितलं पाहिजे की मला कळत होतं. मला पूर्ण कळत होतं. आमच्या कार्यालयात त्याच वर्षी मोठ्या साहेबांसाठी नवा लॅपटॉप आला होता. तो त्या पातळ्यापेक्षाही पातळ होता, साहेब तो एका बोटाने उचलत आणि आम्हा सगळ्यांना दाखवत. जितका हलका तितका महाग, हे मी रोज डोळ्यांनी पाहत होते. एवढंच बोलायचं होतं, की आमच्या साहेबांकडे असाच आहे. साहेब हा शब्द ऐकून माझ्या भावाने तिथल्या तिथे हात बदलला असता. तो साहेब लोकांवर सरांपेक्षा जास्त विश्वास ठेवतो. पोरीने माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं, कारण साहेबांच्या लॅपटॉपची गोष्ट मीच तिला सांगितली होती.

मी मूग गिळून बसले. मला गंमत वाटत होती. हे टेक्निकल आहे ना, मग घ्या टेक्निकल, असं मनात म्हणत मी चहा पीत होते. तो माणूस भर दुकानात यंत्र तळहातावर तोलत होता, सर माना डोलावत होते, आणि मी संध्याकाळी कार्यालयातल्या मैत्रिणींना हे सगळं नकलेसकट कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत होते. सांगितलंही. त्या पोट धरधरून हसल्या.

काळा लॅपटॉप घरी गेला. त्याला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, पेढे वाटले. क्लासवाल्या सरांना रुमाल-टोपी दिली.

त्यानंतरचे सहा महिने मी लांबून पाहिले. त्या लॅपटॉपचा चार्जरच विटेएवढा होता. दोन्ही मिळून पाठीवर घेतले की पोरगी पुढे वाकून चालायची. शेलूबाजारहून येणाऱ्या एसटीत सकाळी पाय ठेवायला जागा नसते. ती दांडीला एक हात आणि दुसऱ्या हाताने बॅग पोटाशी धरून उभी राहायची, कारण पाठीवर ठेवली तर मागचे लोक ओरडत. तिसऱ्या आठवड्यात बॅगेचा बंद तुटला. खड्ड्यांमधून रोज आदळत जाऊन हार्ड डिस्क कुरकुरायला लागली. सुरू व्हायला त्याला एवढा वेळ लागायचा की तेवढ्यात माझी कणीक मळून होई. बॅटरी पाऊण तासात मान टाकायची, आणि वर्गात प्लग होते ते चार, तेही लवकर येणाऱ्यांनी अडवलेले. एसटीने येणारी पोरगी लवकर कुठून येणार?

हे तिने घरी सांगितलं नाही. सांगून काय होतं ते तिने एकदा पाहिलं होतं. हळूहळू तिने लॅपटॉप नेणंच सोडलं. मैत्रिणीचा रिकामा झाला की त्यावर थोडं करायचं, बाकीचं मोबाइलवर वाचायचं. काळा लॅपटॉप घरात टीव्हीशेजारी स्टुलावर बसला. वहिनीने त्यावर मोर विणलेला रुमाल घातला. कुणी आलं की भाऊ रुमाल बाजूला करून पाहुण्याला तो उचलून बघायला लावी. "पाह्य, केवढा भारी हाये." पाहुणा उचलून बघे आणि मान डोलवे. अख्ख्या शेलूबाजारात त्या लॅपटॉपचं वजन पोरीपेक्षा पाहुण्यांनी जास्त वेळा उचललं असेल.

निकाल लागला. लेखी विषय सगळे सुटले, प्रोग्रामिंगच्या प्रॅक्टिकलमध्ये पोरगी नापास झाली. एटीकेटी, म्हणजे तो विषय पुन्हा द्यायचा. कॉलेजात ही रोजची गोष्ट आहे, अर्ध्या वर्गाला लागते. पण मळ्यात ती बातमी पोचली तेव्हा तिचा अर्थ वेगळा झाला. मी गेले तर भाऊ ओट्यावर बसला होता आणि त्याचा निर्णय झालेला होता.

"एवढा भारी लॅपटॉप देल्ला," तो म्हणाला. "तरी बी नाई जमत, तं मंग पोट्टीचं डोस्कंच नाई तेवढं. कायले जीव काढाचा तिचा?"

तो रागाने बोलत नव्हता. त्याला वाईट वाटत होतं. पुढच्या वर्षी इथेच जवळच्या कॉलेजात बीए करू दे, आणि एक-दोन ठिकाणांहून लग्नाची विचारणा आलीच आहे, असं तो सांगत होता. त्याच्या दृष्टीने हिशेब सरळ होता. बापाने भारीतलं भारी दिलं, म्हणजे कमी पडली ती पोरगी. त्या काळ्या ठोकळ्यामुळे ती मंदबुद्धी ठरली होती, आणि बाप ते तिच्यासमोर, मायेने, समजूत घालत बोलत होता.

मला संताप आला, आणि माझ्या सवयीप्रमाणे तो मी दुबळ्या जागी काढला. पोरीला मागच्या वाफ्यात गाठलं आणि झापलं. तोंड नव्हतं का तुला, म्हटलं. चालत नाही म्हणून सांगायचं. माझ्याकडे यायचं. नुसतं मुकाट बसून नापास व्हायला कुणी सांगितलं होतं? ती मेथी खुडत होती. तिने जुडी बांधून होईपर्यंत मान वर केली नाही.

"तुले मालूम होतं, आत्या," ती म्हणाली. "दुकानात. तुले सारं मालूम होतं अन् तू चहा पेत होती."

तिने दुसरी जुडी बांधायला घेतली. मी वाशीमची जीप पकडली आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा असं वाटलं की आमच्या घराण्यात भावापेक्षा मोठा बह्याड, म्हणजे मूर्ख, माणूस आहे, आणि तो सरकारी पगार घेतो.

आता कुणाला वाटेल की एवढी चपराक बसल्यावर मी शहाणी झाले. छे. मी भावाकडून फेरपरीक्षेपर्यंतची मुदत मागून घेतली, तेवढं बरं केलं. आणि मग चुकीची भरपाई करायची म्हणून माझ्या पैशाने, कुणालाही न सांगता, मोबाइलवर एक नवा लॅपटॉप मागवला. विद्यार्थ्यांसाठी खास असं त्यावर लिहिलं होतं. वजन ठळक अक्षरात लिहिलं होतं आणि ते इतकं कमी होतं की मी दुसरं काही वाचलंच नाही. डबा आला. मी तो उचलला आणि मला धन्य वाटलं. कॉलेज सुटल्यावर पोरीला घरी बोलावलं, सासूबाईंच्या खाटेशेजारी बसवलं, आणि तिच्या मांडीवर तो ठेवला. तिचे डोळे भरून येतील अशी माझी अपेक्षा होती. मी पदरही तयार ठेवला होता.

तिने तो उघडला. सुरू केला, दोन-चार ठिकाणी जाऊन काहीतरी पाहिलं, आणि पुन्हा मिटला.

"यात जागाच नाई, आत्या. रॅम चार हाये. आमचं सॉफ्टवेअर टाकलं का हा भरला." मग जरा थांबून, अगदी साध्या आवाजात ती म्हणाली, "बाबानं बी तोललं, तुनं बी तोललं. माहा कागद कोनीच नाई वाचला."

सासूबाईंना ऐकू कमी येतं. त्या विचारत होत्या की पोरीला आवडला का. मी त्यांना सांगितलं, नाही आवडला.

डबा परत पाठवला. परत करायची मुदत संपायला एकच दिवस उरला होता. त्यानंतर मी तिला एकच प्रश्न विचारला, जो विचारायला आम्हा शहाण्यांना आठ महिने लागले होते. कुठला घ्यायचा? तिचं उत्तर तयार होतं. ती ते कितीतरी दिवस डोक्यात घेऊन हिंडत असावी. बसस्टँडमागे एक दुरुस्तीवाला बसतो, कॉलेजची मुलं त्याच्याकडे जातात, तिथे जाऊ, म्हणाली.

ते दुकान नव्हतंच, टपरी होती. उघडे पडलेले लॅपटॉप, वायरी, स्क्रूंनी भरलेल्या वाट्या. दुरुस्तीवाल्याने मला पाहून स्टूल पुसलं आणि माझ्याशीच बोलायला सुरुवात केली. "म्याडम, कोणासाठी पाहिजे? बजेट काय?" मी पोरीकडे बोट दाखवलं. त्याने पुन्हा मलाच काहीतरी विचारलं. मी पुन्हा बोट दाखवलं. मला हे जमत नाही. माझी जीभ तोंडात मावत नव्हती. शेवटी त्याने तिच्याकडे वळून पाहिलं आणि त्यानंतरचा अर्धा तास दोघंही मला विसरले.

तिने एक लॅपटॉप निवडला. झाकणावर ओरखडे, एका कोपऱ्याला चीर, मागच्या मालकाने चिकटवलेल्या कसल्याशा स्टिकरचा अर्धा भाग तसाच. मला तो बघवत नव्हता. लोक काय म्हणतील हे वाक्य माझ्या ओठांवर आलं आणि मी ते गिळलं. तिने तो उलटा केला, मागचं झाकण उघडायला लावलं, आतली रॅम कुठली आहे ते वाचलं, एसएसडी बदलून द्यायला सांगितली, बॅटरीचं आयुष्य किती उरलं आहे ते एका कमांडने पडद्यावर काढून दाखवायला लावलं. दुरुस्तीवाला म्हणाला, बॅटरी नवीन टाकावी लागेल. ती म्हणाली, टाका. मग तिने तो बॅगेत घातला, बॅग पाठीला लावली, आणि टपरीसमोर रस्त्यावर दहा-बारा पावलं चालून परत आली. चप्पल घेताना चालून बघतात तशी.

"चालते," ती म्हणाली.

भावाला तिने काय सांगायचं ते तिचं तिनेच ठरवलं. कॉलेजात मोठा लॅपटॉप आणू देत नाहीत, तो घरी अभ्यासाला ठेवायचा असतो, आणि आत्याने आपला एक जुना वापरायला दिला आहे. बाप खूश झाला. घरचा वेगळा, कॉलेजचा वेगळा, असं ऐश्वर्य त्याने कुठे पाहिलं होतं! त्या खोट्याला मी मान डोलावली. फेरपरीक्षेत पोरगी सुटली, चांगल्या गुणांनी सुटली, आणि पुढच्या सत्रातही सगळे विषय निघाले. बीएचं नाव मग कुणी काढलं नाही. विचारणा आलेल्यांना भावाने स्वतः थांबा म्हणून सांगितलं.

गेल्या महिन्यात मळ्यात गेले तर कामरगावकडचे पाहुणे आलेले होते, वहिनीच्या माहेरचे. त्यांची मुलगी यंदा बारावी झाली आहे, त्यांनाही लॅपटॉप घ्यायचा आहे, आणि ते सल्ला घ्यायला माझ्या भावाकडे आले होते. मुलगी आईच्या मागे बसली होती. तिला कुणी काही विचारत नव्हतं. भावाने मोराचा रुमाल बाजूला केला, काळा लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून पाहुण्याच्या मांडीवर ठेवला, आणि सांगितलं की आमची पोरगी याच्यावर पास झाली.

"मले काय समजते यातलं?" तो पुढे म्हणाला, आणि माझ्याकडे वळला. "माही बाई संगं होती दुकानात. पोट्टीच सांगते, आत्या नसती तं काही खरं नव्हतं. तिच्या भरोशावर शिकली पोरगी."

पाहुण्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. पाहुणीने तर वाकून नमस्कार केला. मला माझी शिसारी आली. हे त्याला पोरीने सांगितलं होतं. दुकानातलं खरं तिने बापाला कधीच सांगितलं नव्हतं, उलट त्या जागी माझी कृपा घालून ठेवली होती. मी तोंड उघडलं. मी खरंच सांगणार होते, पाहुण्यांसमोर, त्या आईमागे बसलेल्या पोरीसाठी तरी. भाची माझ्यासमोर चहाचा कप धरून उभी होती.

"चहा घे, आत्या," ती म्हणाली. "थंडा होऊन राह्यला."

तिने एवढंच म्हटलं, पण तिला काय हवं होतं ते मला कळलं. बापाचा मान राहावा, माझा राहावा, आणि तिला मात्र तिचं काम करू द्यावं. तिने कप माझ्या हातात दिला आणि त्या पाहुण्यांच्या मुलीला घेऊन आतल्या खोलीत गेली. दाराआडून तिचा आवाज येत होता. ती तिला विचारत होती, कोणत्या गाडीनं जाशीन, बसाले जागा भेटते का, तुले त्याच्यावर काय काय कराचं हाये.

मी चहा प्याले. भावाला मी अजूनही काही सांगितलेलं नाही. हे सगळं लिहून काढायचं धाडस झालं, कारण तो वाचत नाही हे मला पक्कं माहीत आहे.